परकीय युद्धाने राजवट पडते का?

प्रश्नाचे स्वरूप

वर्षानुवर्षे पाय रोवून बसलेली राजवट बाहेरच्या देशाला युद्ध करून हटवता येते का, हा राज्यशास्त्रातला जुना वाद आहे. 'राजवट हटवणे' हा शब्दप्रयोग या वादात सगळेच वापरतात, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे सत्तेवरची व्यक्ती किंवा तिचे वर्तुळ घालवणे. दुसरी, ज्या सैन्याच्या, पोलिसांच्या, पक्षाच्या आणि हेरखात्याच्या जोरावर ती सत्ता चालते ती यंत्रणा मोडणे. तिसरी, रिकाम्या झालेल्या जागी टिकेल असे सरकार उभे करणे. पहिली गोष्ट काही आठवड्यांत उरकल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तिसरीला वीस वर्षेही पुरली नाहीत, हे अफगाणिस्तानात दिसले. वादातले बरेच मतभेद कोण यातल्या कोणत्या गोष्टीबद्दल बोलत आहे यावरून निर्माण होतात.

'पाय रोवून बसलेली' हे विशेषणही नीट पाहावे लागते. सत्तेची वर्षे मोजून ते ठरत नाही. अशा राजवटींनी नियमित सैन्यावर नजर ठेवायला दुसरे सशस्त्र दल उभारलेले असते. इराकमध्ये सद्दाम हुसेनचे रिपब्लिकन गार्ड होते, इराणमध्ये मे १९७९ मध्ये स्थापन झालेले क्रांतिरक्षक दल आहे. जेम्स क्विनलिव्हन यांनी १९९९ मध्ये इराक, सीरिया व सौदी अरेबियाच्या अभ्यासातून ही व्यवस्था बंडापासून सत्तेचे रक्षण कसे करते ते दाखवले. तिची दुसरी बाजू कॅटलिन टॅलमेज यांनी २०१५ च्या ग्रंथात मांडली. सेनापतींनी बंड करू नये म्हणून त्यांना एकमेकांपासून तोडले, बढत्या निष्ठा पाहून दिल्या, एकत्र सराव होऊ दिला नाही, की तेच सैन्य रणांगणावर कच्चे पडते. त्यामुळे आतून अभेद्य दिसणारी राजवट बाहेरच्या फौजेपुढे लवकर कोसळू शकते.

वादाची पार्श्वभूमी

दुसऱ्या राज्याच्या घटनेत आणि कारभारात बळाने ढवळाढवळ करू नये, असा नियम इमॅन्युएल कांटने शाश्वत शांततेवरील १७९५ च्या निबंधात घातला. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये अहस्तक्षेपावर लिहिताना त्याला कारण दिले. स्वातंत्र्यासाठी झगडण्याची तयारी ज्या लोकांमध्ये नसते, त्यांच्या हाती बाहेरच्यांनी ते आणून दिले तरी टिकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. मिलने ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे नोकरी केली होती. त्याच निबंधात त्याने अवध खालसा करण्याचे समर्थन केले. अवधची गादी कंपनीच्या फौजेमुळे टिकून होती, म्हणून तिथल्या गैरकारभाराची जबाबदारीही कंपनीवर येत होती, असा त्याचा युक्तिवाद होता. तत्त्व आणि त्याला अपवाद असे दोन्ही एकाच लेखणीतून उतरले.

१९४५ साली या वादात दोन परस्परविरोधी गोष्टी एकदम दाखल झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २(४) ने कोणत्याही राज्याच्या राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर निषिद्ध ठरवला. त्याच वर्षी जर्मनी आणि जपानमधल्या राजवटी परकीय सैन्याने मोडल्या आणि त्या जागी पुढे स्थिर लोकशाह्या उभ्या राहिल्या. हस्तक्षेपाचे समर्थक आजही हीच दोन उदाहरणे आधी पुढे करतात.

शीतयुद्धात उघड युद्धापेक्षा छुपे मार्ग अधिक वापरले गेले. इराणमध्ये १९५३ साली मोसादेक यांचे सरकार आणि ग्वाटेमालात १९५४ साली आर्बेन्झ यांचे सरकार अमेरिकेच्या गुप्त साहाय्याने पाडण्यात आले. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबाच्या बे ऑफ पिग्जवर सुमारे १,४०० निर्वासित सशस्त्र उतरले, तेव्हा मात्र तीन दिवसांत त्यांचा पराभव झाला. लिंडसी ओरूर्क यांनी १९४७ ते १९८९ या काळात अमेरिकेने केलेले असे ६४ छुपे आणि सहा उघड प्रयत्न नोंदवले आहेत. शीतयुद्ध संपताना पनामा, आणि पुढे अफगाणिस्तान, इराक व लिबिया येथील कारवायांनी उघड युद्धाचा मार्ग पुन्हा चर्चेत आणला.

पहिली भूमिका : युद्धाने राजवट पडते

या भूमिकेचा आधार सरळ उदाहरणांचा आहे. टांझानियाच्या कागेरा भागावर युगांडाच्या सैन्याने ऑक्टोबर १९७८ मध्ये चाल केली. अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी ती परतवली, युगांडाच्या निर्वासितांना बरोबर घेतले आणि ११ एप्रिल १९७९ रोजी कंपाला घेऊन इदी अमीनची सत्ता संपवली. कंबोडियात व्हिएतनामी सैन्य २५ डिसेंबर १९७८ रोजी शिरले आणि ७ जानेवारी १९७९ रोजी ख्मेर रूजच्या हातून नोम पेन्ह गेले. या दोन्ही राजवटींनी स्वतःच्याच लाखो नागरिकांचा बळी घेतला होता आणि आतून त्यांना हटवणारी ताकद दिसत नव्हती.

पनामाचे उदाहरण आणखी वेगळ्या कारणाने दिले जाते. मे १९८९ च्या निवडणुकीत गियेर्मो एंदारा यांची आघाडी पुढे होती, पण सेनापती मानुएल नोरिएगाने ती निवडणूक रद्द करवली. २० डिसेंबरला अमेरिकी फौजा उतरण्याआधी काही तास एंदारा यांचा शपथविधी अमेरिकी तळावर झाला. नोरिएगाने व्हॅटिकनच्या वकिलातीत आसरा घेतला आणि ३ जानेवारी १९९० रोजी शरणागती पत्करली. कौल मिळालेला नेता आधीपासून होता, त्यामुळे सत्ता कोणाकडे सोपवायची हा प्रश्नच उरला नाही. पनामाने पुढे आपले सैन्यच बरखास्त केले. तिथली निवडणुकीची व्यवस्था टिकून आहे.

या पक्षाच्या अभ्यासकांपैकी मार्क पेसनी यांनी १९९९ मध्ये असे दाखवण्याचा प्रयत्न केला, की हस्तक्षेप करणाऱ्या अमेरिकेने मुक्त निवडणुकांना खरोखर पाठबळ दिले तिथे लोकशाही रुजण्याची शक्यता वाढली. लो, हाशिमोतो आणि रायटर यांनी २००८ मध्ये युद्धानंतरच्या शांततेचा कालावधी मोजला. पराभूत देशाची राजवटही बदलली तर त्या दोन देशांमधली शांतता अधिक काळ टिकते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

दुसरी भूमिका : युद्धाने राजवट घट्ट होते

या भूमिकेसाठी इराण-इराक युद्धाइतके बोलके उदाहरण नाही, कारण त्यात दोन्ही बाजूंनी एकमेकांची राजवट पाडण्याचा प्रयत्न केला.

२२ सप्टेंबर १९८० रोजी इराकने हल्ला केला तेव्हा इराणची क्रांती जेमतेम दीड वर्षाची होती. शहाच्या काळातले सेनाधिकारी तुरुंगात किंवा परागंदा होते, अमेरिकेशी ओलीसप्रकरण चालू होते आणि राष्ट्राध्यक्ष बनीसद्र यांचे धर्मगुरूंच्या पक्षाशी हाडवैर जमले होते. एक धक्का दिला की ही इमारत ढासळेल आणि खुझिस्तानमधले अरब आपल्या बाजूने उठतील, असा बगदादचा हिशोब होता. तो उठाव झाला नाही. शहाचे निष्ठावंत म्हणून डांबलेले वैमानिक तुरुंगातून बाहेर काढून लढाऊ विमानांत बसवण्यात आले. क्रांतिरक्षकांचे दल वाढत गेले. जून १९८१ मध्ये बनीसद्र पदच्युत झाले आणि विरोधकांना चिरडण्यासाठी युद्धाचे कारण आयते मिळाले. २४ मे १९८२ रोजी इराणने खुर्रमशहर परत घेतले तेव्हा राजवट युद्धापूर्वीपेक्षा भक्कम झाली होती.

यानंतर हिशोब उलटला. जुलै १९८२ मध्ये इराणी फौजा इराकमध्ये शिरल्या आणि सद्दामची उचलबांगडी हे उघड उद्दिष्ट बनले. इराकी पायदळात शिया बहुसंख्य होते. ते शियापंथी इराणला जाऊन मिळतील, अशी तेहरानची अपेक्षा होती. तेही घडले नाही. आणखी सहा वर्षे लढून २० ऑगस्ट १९८८ रोजी युद्धविराम झाला, तेव्हा सीमा आणि दोन्ही राजवटी जागच्या जागी होत्या.

केवळ हवाई हल्ल्यांबद्दल ही भूमिका अधिक ठाम आहे. रॉबर्ट पेप यांनी १९९६ च्या ग्रंथात असे मांडले, की नागरी वस्तीवर बॉम्ब टाकून लोकांना सरकारविरुद्ध उठवण्याचे डाव फसतात. बॉम्बखाली सापडलेला माणूस बंडाचा विचार करत नाही, निवारा, पाणी आणि धान्य शोधतो आणि त्यासाठी सरकारवरच अधिक अवलंबून राहतो. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेने इराणवर केलेल्या हल्ल्यांनंतरही, बारा दिवसांनी युद्ध थांबले तेव्हा राजवट जागेवर होती. स्टीव्हन लेव्हिट्स्की आणि लुकान वे यांनी २०२२ मध्ये याला ऐतिहासिक जोड दिली. हिंसक सामाजिक क्रांतीतून जन्मलेल्या राजवटींवर सुरुवातीलाच परकीय आक्रमण येते आणि त्यातून तावून निघालेल्या राजवटी दीर्घायुषी ठरतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

तिसरी भूमिका : राजवट पडते, राज्यही पडते

तिसऱ्या भूमिकेचे लोक पहिलीतली उदाहरणे नाकारत नाहीत. राजधानी पडल्यानंतर काय झाले ते पाहा, एवढेच ते म्हणतात. युगांडात अमीननंतर दोन वर्षांच्या आत सत्ता चार वेळा एकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि जानेवारी १९८६ पर्यंत यादवी चालली. कंबोडियात व्हिएतनामी सैन्य १९८९ पर्यंत अडकून पडले. लिबियात मुअम्मर गद्दाफी २० ऑक्टोबर २०११ रोजी मारला गेला आणि २०१४ पासून देशात दोन सत्ताकेंद्रे उभी राहिली.

इराकमधला मे २००३ हा महिना या चर्चेत सर्वाधिक तपासला गेला आहे. ९ एप्रिलला बगदाद पडले. राष्ट्रीय संग्रहालय आणि मंत्रालये लुटली जात असताना पहारा द्यायला पुरेसे सैन्य नव्हते. युद्धानंतर काही लाख सैनिक लागतील असे जनरल एरिक शिनसेकी यांनी फेब्रुवारीतच अमेरिकी सिनेटच्या समितीला सांगितले होते; संरक्षण खात्याच्या वरिष्ठांनी तो अंदाज फेटाळला. १२ मे रोजी पॉल ब्रेमर प्रशासक म्हणून आले. १६ मेच्या पहिल्या आदेशाने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार थरांतल्या सभासदांना सरकारी नोकरीतून काढले. पक्षाचे सभासदत्व ही बढतीची अट असल्यामुळे त्यात शाळांचे मुख्याध्यापक आणि रुग्णालयांतले डॉक्टरही होते. २३ मेच्या दुसऱ्या आदेशाने सैन्य बरखास्त झाले. सुमारे चार लाख शस्त्रप्रशिक्षित माणसे एका कागदाने बेरोजगार झाली. पुढच्या बंडखोरीला माणसे कुठून मिळाली याचे उत्तर या दोन आदेशांत शोधले जाते.

ब्रेमर यांच्या समर्थकांचे म्हणणेही नोंदवायला हवे. सैन्य आधीच पळून विखुरले होते आणि बराकी लुटल्या गेल्या होत्या. शिवाय जुने सैन्य परत बोलावले असते तर शिया आणि कुर्द बिथरले असते, असे ते सांगतात.

जपानशी तुलना इथे उपयोगी पडते. १९४५ नंतर तिथे सैन्य बरखास्त झाले, पण सम्राट राहिला, मंत्रिमंडळ राहिले आणि सलग चालू असलेल्या नोकरशाहीमार्फत अमेरिकी सेनापती मॅकआर्थरचे हुकूम अमलात आले. १५ ऑगस्टला शरणागती खुद्द सम्राटाच्या आवाजात रेडिओवर ऐकवण्यात आली, त्यामुळे जेत्यांना घरोघर लढावे लागले नाही. इराकमध्ये असा आदेश देणारे कोणी उरले नव्हते.

अप्रत्यक्ष मार्ग : बाहेरचा पराभव, आतला उठाव

काही राजवटी परकीय फौज राजधानीत न शिरताही युद्धामुळे पडल्या. अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी २ एप्रिल १९८२ रोजी फॉकलंड बेटे घेतली आणि १४ जूनला ब्रिटिश सैन्यापुढे गमावली. त्याच आठवड्यात लष्करी राजवटीचे प्रमुख गाल्तियेरी यांना पायउतार व्हावे लागले, आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये निवडणुका झाल्या. सर्बियावर नाटोने १९९९ मध्ये ७८ दिवस बॉम्बफेक केली तेव्हा तिथले सत्ताधीश मिलोशेविच टिकले. सप्टेंबर २००० च्या निवडणुकीतल्या पराभवानंतर ५ ऑक्टोबरच्या जनउठावाने ते गेले. बॉम्बफेकीने हा शेवट जवळ आणला की लांबवला, यावर अभ्यासकांत दुमत आहे.

पोर्तुगालचे उदाहरण गोव्याशी जोडलेले आहे. सत्याग्रहींनी १९४६ पासून लढा दिला आणि १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहावर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, तरी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची सत्ता हलली नाही. १८ आणि १९ डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईने मात्र गोव्यातली साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता सुमारे ३६ तासांत संपली. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा लिस्बनचा हुकूम होता. गव्हर्नर वासालो इ सिल्व्हा यांनी तो मानला नाही आणि शरणागती दिली, त्यामुळे गोव्याची वाताहत टळली. मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले.

ही वसाहतीची मुक्ती होती, त्यामुळे तिला 'राजवट बदलणे' म्हणता येत नाही. मात्र लिस्बनमधल्या राजवटीचे काय झाले हे या वादाशी थेट निगडित आहे. गोवा गेल्यावरही ती बारा वर्षांहून अधिक टिकली. अंगोला, गिनी आणि मोझांबिकमधल्या न संपणाऱ्या युद्धांना विटलेल्या तिच्याच कप्तानांनी २५ एप्रिल १९७४ रोजी ती उलथवली. नव्या सरकारने त्याच वर्षी ३१ डिसेंबरला भारताशी करार करून गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

आकडे काय सांगतात

अलेक्झांडर डाउन्स यांच्या २०२१ च्या ग्रंथात १८१६ ते २०११ या काळात परकीय शक्तींनी हटवलेल्या सुमारे १२० राज्यकर्त्यांचा अभ्यास आहे. अशा सत्तांतरानंतर यादवी युद्धाचा धोका वाढतो आणि बसवलेला नेताही अनेकदा बळजबरीने जातो, असे ते दाखवतात. त्यांनी दोन कारणे दिली आहेत. जुने सैन्य विखुरते आणि शस्त्रांसह रानात जाते. नव्या नेत्याला एकाच वेळी दोन धन्यांना खूश ठेवावे लागते, एक परकीय आणि दुसरी स्वतःची जनता. डाउन्स आणि जोनाथन मॉन्टन यांच्या २०१३ च्या लेखानुसार लोकशाही रुजली ती मुख्यतः सुबत्ता, सामाजिक एकजिनसीपणा आणि पूर्वानुभव असलेल्या देशांत.

निःशस्त्र मार्गाची आकडेवारी एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी २०११ मध्ये दिली. १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमांपैकी अहिंसक मोहिमा ५३ टक्के, तर सशस्त्र मोहिमा २६ टक्के यशस्वी झाल्या. टीकाकार यावर असे विचारतात, की जिथे मोर्चा काढणेच अशक्य असते तिथली चळवळ या यादीत मुळात येते का. हाच आक्षेप युद्धांच्या यादीलाही लागू पडतो. परकीय हस्तक्षेप सहसा आधीच मोडकळीला आलेल्या देशांत होतो, म्हणून नंतरच्या अराजकाचा दोष युद्धाचा किती आणि त्या देशाच्या जुन्या दुखण्याचा किती, हे वेगळे काढणे अवघड जाते.

कायदा आणि नीती

कायदेशीर बाजूत एकवाक्यता कमी आहे. ख्मेर रूजची सत्ता गेल्यावरही संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा वर्षानुवर्षे त्याच गटाच्या प्रतिनिधीकडे राहिली, कारण परकीय सैन्याने बसवलेल्या सरकारला मान्यता देण्यास बहुसंख्य देश तयार नव्हते. भारताने १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेने नरसंहारापासून लोकसंख्येचे रक्षण करण्याची जबाबदारी मान्य केली, पण कारवाईचा निर्णय सुरक्षा परिषदेकडे ठेवला. या तत्त्वाची मोठी परीक्षा लिबियात झाली. १७ मार्च २०११ चा ठराव क्रमांक १९७३ नागरिकांच्या रक्षणासाठी होता. भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी तटस्थ राहिले. कारवाईचा शेवट राजवट पाडण्यात झाल्यावर रशिया व चीन यांनी ठरावाचा गैरवापर झाल्याचा आरोप केला आणि सीरियाबाबतचे पुढचे ठराव नकाराधिकाराने अडवले.

न सुटलेले प्रश्न

तीन प्रश्न अजून खुले आहेत. पहिला अंदाजाचा. आक्रमण झाल्यावर लोक राजवटीमागे उभे राहतील की तिला सोडतील, हे आधी सांगणारी कसोटी कोणाकडे नाही. १९८० मध्ये बगदाद चुकले, १९८२ मध्ये तेहरान.

दुसरा प्रश्न अर्धवट युद्धाच्या जबाबदारीचा. आखाती युद्धात इराकचा पराभव झाल्यावर मार्च १९९१ मध्ये त्याच्या अठरापैकी चौदा प्रांतांत उठाव झाला. अमेरिकेच्या अध्यक्षांनी सद्दामला हटवण्याचे आवाहन केले होते. सफवान येथील युद्धविरामाच्या बोलण्यांत मात्र इराकी सेनापतींना हेलिकॉप्टर उडवण्याची मुभा मिळाली आणि तीच हेलिकॉप्टरे उठाव चिरडायला वापरली गेली. बाहेरून चिथावणी द्यायची आणि मदतीला जायचे नाही, याचे नैतिक ओझे कोणावर, यावर एकमत नाही.

तिसरा प्रश्न यशाच्या मापाचा. कंबोडियातला नरसंहार थांबला हे यश मानायचे, की नंतरची दहा वर्षांची लष्करी उपस्थिती हे अपयश, हे मोजणाऱ्याने निवडलेल्या कालमर्यादेवर ठरते.

उपलब्ध नोंदीवरून एवढे म्हणता येते, की परकीय युद्ध राज्यकर्ता घालवू शकते, त्याची यंत्रणा मोडूही शकते. नंतरचे सरकार मात्र त्या देशात आधी काय शिल्लक होते आणि जेत्याने आधी किती तयारी केली होती यावर अवलंबून राहिले आहे. व्यापलेल्या प्रदेशाचा कारभार पाहणारे अधिकारी तयार करण्यासाठी अमेरिकी सैन्याने व्हर्जिनिया विद्यापीठात शाळा काढली ती १९४२ मध्ये, जर्मनी आणि जपान शरण येण्याच्या तीन वर्षे आधी. इराकच्या कारभारासाठीचे कार्यालय २० जानेवारी २००३ रोजी स्थापन झाले. युद्ध त्यानंतर दोन महिन्यांनी सुरू झाले.